प्रेअरीची चुनखडीयुक्त पोयट्याची जमीन : गुणधर्म आणि वर्गीकरण

एकाच शेतात, एकाच दिवशी, एकाच वाणाची पेरणी केलेली असते. तरीही काही आठवड्यांनी पिकाचा काही भाग हिरवागार, तर काही भाग पिवळा पडलेला दिसतो. पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधील भाग फिकट होतो. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागात सोयाबीनच्या शेतांतून हे दृश्य नेहमी आढळते. महाराष्ट्रातील शेतकरी ऊस, ज्वारी वा भुईमुगाच्या पिकात हेच लक्षण पाहतो आणि त्याला 'केवडा' म्हणतो. दोन्हीकडे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे जमिनीतील मुक्त चुना. हा चुना जमिनीत कोठून येतो, तो कसा ओळखावा आणि अशा जमिनीचे वर्गीकरण कसे केले जाते, हे समजून घेण्यासाठी आयोवाच्या प्रेअरी प्रदेशाचे उदाहरण बोधप्रद आहे.

हिमयुगाचा वारसा

प्रेअरी म्हणजे उंच गवताचा विस्तीर्ण, वृक्षहीन प्रदेश. आयोवाचा उत्तर-मध्य भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराखाली होता. सुमारे १४,००० ते १२,००० वर्षांपूर्वी हा बर्फ वितळला व मागे हटला. त्याने वाटेतील चुनखडक व शेल यांचा चुरा करून तो वाळू, गाळ व चिकणमाती यांच्या मिश्रणाच्या रूपाने तेथे पसरविला. या हिमोढात चुन्याचे प्रमाण मुळातच मोठे होते.

पुढे हजारो वर्षे या मातीवर गवत वाढले. गवताचा मोठा भाग जमिनीखाली मुळांच्या रूपाने असतो. ही मुळे दरवर्षी काही प्रमाणात कुजत गेली व त्यांतून काळा, भुसभुशीत, सेंद्रिय कर्बाने समृद्ध असा वरचा थर तयार झाला. १८३७ मध्ये जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर बनविला. त्यानंतर ही चिवट गवताळ जमीन फोडणे सुकर झाले. भूमिगत निचरा नळ टाकून पाणथळ भागही लागवडीखाली आणले गेले. मूळ प्रेअरीचा आयोवात आज एक टक्क्याचा दहावा भागही शिल्लक नाही.

मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मृदानिर्मितीचे पाच घटक मांडले : हवामान, सजीव सृष्टी, भूरचना, मूळ द्रव्य व काळ. आयोवाच्या एखाद्या शेतात हवामान, मूळ द्रव्य व काळ हे तीन घटक जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो मुख्यतः भूरचनेमुळे. दोन-चार मीटरच्या चढउतारावर जमिनीची जात बदलते.

एकाच शेतातील दोन चुनखडी जमिनी

या प्रदेशातील सौम्य उतारावर 'क्लॅरियन' व 'निकोलेट' या मालिकांच्या जमिनी आढळतात. तेथे पावसाचे पाणी खाली मुरते आणि वरच्या थरांतील चुना विरघळवून खोलवर नेते. त्यामुळे या जमिनींचा वरचा थर चुनामुक्त असतो. त्या उत्तम शेतजमिनी समजल्या जातात.

खोलगट भागाच्या कडेने मात्र निराळी क्रिया घडते. खोलगट भागात साचलेले पाणी बाजूच्या जमिनीत झिरपते. या पाण्यात चुना विरघळलेला असतो. कडेच्या भागात हे पाणी केशाकर्षणाने वर चढते व त्याचे बाष्पीभवन होते. पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. शतकानुशतके ही क्रिया चालू राहिल्याने खळग्याभोवती चुन्याने भारलेल्या जमिनीचे कडे तयार होते. हीच 'हार्प्स' मालिकेची जमीन होय. तिच्यात गोगलगायींच्या शंखांचे तुकडेही सापडतात. ओली असताना ती काळी दिसते, वाळल्यावर राखाडी होते. नांगरलेल्या शेताच्या हवाई छायाचित्रात काळ्या खळग्याभोवती फिकट वलय दिसते, ते या जमिनीचे असते. खळग्याच्या तळाशी मात्र 'ओकोबोजी' ही निराळीच, अधिक चिकण जमीन असते.

दुसरी चुनखडी जमीन टेकाडांच्या माथ्यावर आढळते. ती 'स्टॉर्डन' मालिकेची पोयट्याची जमीन होय. येथे चुना बाहेरून येऊन साचलेला नाही, तो मूळ हिमोढातलाच आहे. उंचवट्यावर पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, म्हणून चुना खाली गेला नाही. शिवाय नांगरटीनंतर वरची काळी माती वाहून गेल्याने खालची फिकट, चुनायुक्त माती उघडी पडली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेच्या मका-पट्ट्यातील लागवडीखालील सुमारे ३५ टक्के क्षेत्रातून काळ्या मातीचा वरचा थर पूर्णपणे नाहीसा झाला आहे आणि हे क्षेत्र प्रामुख्याने उंचवट्यांवर आहे.

हार्प्समध्ये चुना साचला, स्टॉर्डनमध्ये माती गेली. आम्ल टाकल्यावर दोन्ही सारख्याच फसफसतात. परंतु एकीला निचऱ्याची गरज आहे, तर दुसरीला धूप-प्रतिबंधाची.

महत्त्वाचे गुणधर्म

पोत : पोयट्याच्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण ७ ते २७ टक्के, गाळाचे २८ ते ५० टक्के आणि वाळूचे ५२ टक्के वा त्याहून कमी असते. अशी जमीन पाणी धरून ठेवते आणि मशागतीलाही सोपी असते.

सामू : चुनखडी जमिनीचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.४ असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड, पाणी व चुना यांचा समतोल ८.३ च्या आसपास होत असल्याने केवळ चुन्यामुळे सामू यापुढे फारसा जात नाही. सामू ८.५ च्या वर गेलेला आढळल्यास सोडियमची शंका घ्यावी.

अन्नद्रव्ये : या जमिनीत लोहाचा साठा पुरेसा असतो, पण तो पिकाला घेता येत नाही. सामू एक अंकाने वाढला की मातीच्या द्रावातील फेरिक लोहाचे प्रमाण हजार पटींनी घटते. बायकार्बोनेटमुळे मुळांकडून लोहाच्या शोषणात आणखी अडथळा येतो. स्फुरद चुन्याशी संयोग पावून अविद्राव्य होते. जस्ताचीही कमतरता भासते. युरिया पृष्ठभागावर पसरून ठेवल्यास नत्राचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. अॅट्राझीनसारखी काही तणनाशके अशा जमिनीत अधिक काळ टिकून राहतात व पुढील पिकास बाधू शकतात.

वर्गीकरणाची पद्धत

अमेरिकेत शासकीय मृदा सर्वेक्षणाचा आरंभ १८९९ मध्ये झाला. रशियातील डोकुचायेव यांनी १८८३ मध्ये काळ्या गवताळ जमिनीवर ग्रंथ लिहून मृदा हा स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ आहे, हा विचार मांडला होता. या परंपरेतून अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ मध्ये सर्वंकष वर्गीकरण-पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात गण, उपगण, महागट, उपगट, कुल व मालिका अशा सहा पायऱ्या आहेत. १९७५ मध्ये गण १० होते, आज ते १२ आहेत.

या पद्धतीत जमिनीच्या नावातच तिचे गुणधर्म सांगितलेले असतात. हार्प्स जमिनीचे उपगटातील नाव 'टिपिक कॅल्सिॲक्वोल्स' असे आहे. ते शेवटाकडून वाचावे. 'ओल्स' म्हणजे मॉलिसोल गण, अर्थात काळ्या, मऊ व सेंद्रिय कर्बयुक्त वरच्या थराची जमीन. 'ॲक्व' म्हणजे पाणथळ. 'कॅल्सि' म्हणजे चुन्याचा साचलेला थर असलेली. 'टिपिक' म्हणजे त्या महागटाचा नमुनेदार प्रकार. हा चुन्याचा थर मान्य होण्यासाठी तो साधारणपणे किमान १५ सेंटिमीटर जाड असावा लागतो आणि त्यात चुन्याचे प्रमाण किमान १५ टक्के असावे लागते. शिवाय खालच्या थरापेक्षा हे प्रमाण जास्त असल्याचे दिसावे लागते.

'कॅनिस्टिओ' ही जमीनही पृष्ठभागापासून फसफसते, पण तिच्यात असा साचलेला थर नसतो. म्हणून तिचा चुनखडीपणा महागटाच्या नावात न येता कुलाच्या नावात नोंदविला जातो. स्टॉर्डनचा काळा थर पुरेसा जाड नसल्याने ती मॉलिसोल गणातच बसत नाही. ती अल्पविकसित जमिनींच्या इन्सेप्टिसोल गणात जाते. शेजारी-शेजारी असलेल्या जमिनी अशा वेगळ्या गणांत पडतात, कारण त्यांचा इतिहास वेगळा आहे.

या नोंदींचा उपयोग केवळ शास्त्रज्ञांनाच होतो असे नाही. आयोवात प्रत्येक मृदा-घटकास मक्याच्या उत्पादनक्षमतेनुसार गुणांक दिलेला आहे आणि शेतजमिनीचे करमूल्य ठरविताना तो विचारात घेतला जातो.

कोणता उपाय योग्य, कोणता व्यर्थ

चुना काढून टाकता येईल काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हिशेबाने मिळते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २,००० टन माती असते. चुना २० टक्के असेल तर तो ४०० टन झाला. तो नष्ट करण्यास सुमारे १२८ टन गंधक लागेल. असा खर्च कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारा नाही. म्हणून जमीन बदलण्याऐवजी पीक, वाण व खत देण्याची पद्धत बदलणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

आयोवात केवड्यास सहनशील सोयाबीनचे वाण निवडतात, निचरा सुधारतात आणि गरजेनुसार चिलेटयुक्त लोह देतात. त्यातही ईडीडीएचए प्रकारचे चिलेट उच्च सामूतही लोह धरून ठेवते. ईडीटीए प्रकारातील लोहाची जागा चुनखडी जमिनीत कॅल्शियम घेतो. हिराकस नुसताच मातीत टाकल्यास त्यातील लोह लवकरच अविद्राव्य होते. तो शेणखतात मुरवून देणे किंवा पानांवर फवारणे अधिक उपयुक्त असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील काळ्या जमिनी हिमयुगाच्या नव्हेत. त्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या असून बहुतांशी व्हर्टिसोल गणात मोडतात. तथापि त्यांपैकी अनेकींत चुनखडी असते. त्याची दखल फार पूर्वीच घेतली गेली आहे. मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड यांच्या महसूल मोजणीत जमिनीची प्रतवारी १६ आण्यांच्या मापाने नऊ वर्गांत केली जाई आणि चुनखडीचे खडे हा प्रत कमी करणारा दोष मानला जाई. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र आले. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था १९७६ पासून हे काम आधुनिक वर्गीकरणाच्या आधारे करीत आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिकाही दिल्या जात आहेत.

पत्रिकेवरील सामूचा आकडा मात्र विचारपूर्वक वाचला पाहिजे. चुनखडी जमीन व चोपण जमीन या दोन्ही विम्लधर्मी असतात, पण त्या एक नव्हेत. चोपण जमिनीत सोडियम हटविण्यासाठी जिप्सम उपयोगी पडते. केवळ चुनखडी असलेल्या जमिनीत ते टाकल्याने सामू उतरत नाही, पैसा मात्र खर्च होतो. सामू ८.२ असलेल्या व ९.२ असलेल्या जमिनीस एकच सल्ला देणे म्हणजे दोन वेगळ्या रोग्यांना एकच औषध देण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीस व शाळेस येथे प्रत्यक्ष काम करता येईल. गावाच्या शिवारात माथा, उतार व खोलगट भाग अशा तीन ठिकाणी खड्डे घेऊन थरांचा रंग, खोली व पोत यांची नोंद करावी. प्रत्येक थराच्या मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. आम्ल शिक्षकांनी वा कृषी सहायकांनी स्वतःच हाताळावे. माती कोठे फसफसते, किती खोलीवर फसफसते आणि किती जोराने, हे गावाच्या नकाशावर दाखवावे. त्याच नकाशावर केवडा पडणारी शेते दाखविल्यास बऱ्याच प्रश्नांची उत्तरे समोर येतील. चुनखडी माथ्यावर उघडी पडली असेल तर बांधबंदिस्ती व समपातळी मशागत यांना प्राधान्य द्यावे लागेल. ती खोलगट भागाच्या कडेस असेल तर निचऱ्याकडे लक्ष द्यावे लागेल. खताचा निर्णय त्यानंतर करावा.