शाळेची हवा आणि मुलांची प्रकृती

माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना घेऊन आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या तक्रारींत एक तक्रार अशी आहे की, तिचे मूळ दवाखान्यातील तपासणीत क्वचितच सापडते. मुलाचे पोट दुखते, डोके जड होते, सकाळी मळमळते, एखाद्या दिवशी उलटीही होते. रक्ताचे, लघवीचे आणि सोनोग्राफीचे सर्व अहवाल निर्दोष येतात. आणि बारकाईने चौकशी केली म्हणजे असे ध्यानात येते की, ही दुखणी रविवारी सायंकाळी डोके वर काढतात, सोमवारी सकाळी परमावधीला पोहोचतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा मागमूसही राहत नाही. अशा वेळी घरातील वडील मंडळी बहुधा दोहोंपैकी एका निष्कर्षावर येतात. मूल ढोंग करीत आहे असे काहींना वाटते, तर डॉक्टरांना न सापडलेला एखादा गंभीर रोग त्याला जडला असावा अशी इतरांना धास्ती वाटते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मनावरील ताण मज्जासंस्थेच्या द्वारे आतड्यांच्या हालचालींवर आणि मानेच्या व कपाळाच्या स्नायूंवर परिणाम करतो, त्यामुळे ती वेदना सर्वस्वी खरी असते. मात्र तिचे कारण, मूल दिवसाचे सहा-सात तास ज्या वातावरणात घालवते त्या वातावरणात शोधावे लागते.

अशी मुले विरळा आहेत असे कोणी समजू नये. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ अठराव्या वर्षापूर्वी झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने इयत्ता सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून २०२२ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे म्हणून सांगितली. ज्या चिंतेत दहापैकी आठ मुले भागीदार आहेत, ती केवळ त्या मुलांच्या स्वभावाचा दोष मानणे शास्त्राला धरून होणार नाही. गावात कावीळ पसरली असता वैद्याने प्रत्येक रुग्णावर उपचार करावेत हे योग्यच. परंतु सारा गाव ज्या विहिरीचे पाणी पितो ती विहीर स्वच्छ केल्याखेरीज साथ हटत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यालाही हाच न्याय लागू आहे.

या म्हणण्याला आता सबळ पुरावा उपलब्ध आहे, आणि तो आपल्याच देशातील सरकारी शाळांतून मिळालेला आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ या नावाने एक प्रयोग केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या शाळांची यदृच्छेने तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटातील प्रत्येक शाळेत, मानसोपचाराची पदवी नसलेली परंतु या कामाचे प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती नेमण्यात आली. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील एका शिक्षकाकडे सोपविण्यात आले. आणि तिसऱ्या गटात शासनाचा नेहमीचा किशोर-शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. नेमलेल्या व्यक्तीची कामे पाहिली तर ती अगदी साधी होती : प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांशी बोलणे, मुलांकडून भित्तिपत्रक लिहवून घेणे, मनातले प्रश्न आणि गाऱ्हाणी चिठ्ठीवर लिहून टाकता येतील अशी पेटी ठेवणे, स्पर्धा भरविणे, आणि ज्याला एकांतात काही सांगावयाचे असेल त्याचे शांतपणे ऐकून घेणे. वर्षअखेर जेव्हा तुलना झाली तेव्हा पहिल्या गटातील विद्यार्थ्यांना आपली शाळा अधिक आपुलकीची वाटत होती, त्यांच्यातील खिन्नतेची लक्षणे कमी झाली होती, आणि दांडगाई व मारहाणही घटली होती; दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हा फरक आणखी ठळक झाला.

शिक्षकांकडे हे काम सोपविलेल्या शाळांत मात्र असा लाभ दिसून आला नाही. यावरून शिक्षक या कामाला अपात्र आहेत असा अर्थ कोणी काढू नये. गुण, हजेरी आणि शिक्षा ज्याच्या हाती आहे त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलाला जड जाते; आणि अध्यापन, उत्तरपत्रिकांची तपासणी, निरनिराळ्या माहितीची विवरणपत्रे आणि निवडणुकीची कामे ज्याच्या माथी आहेत, त्याच्यापाशी कितीही सदिच्छा असली तरी निवांत अर्धा तास उरत नाही, असे मला वाटते. यास्तव शाळेत ऐकून घेण्याच्या कामासाठी स्वतंत्र माणूस असणे ही चैन नसून गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे, गुणांच्या आधारे मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडण्याचे टाळावे आणि कोणाही विद्यार्थ्याची जाहीर मानहानी करू नये, असे निर्देश दिले आहेत. हे निर्देश संस्थेच्या दप्तरात पडून राहू नयेत, त्यांची अंमलबजावणी व्हावी, यासाठी पालकांनी आणि संस्थाचालकांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत.

महाराष्ट्राला तर ही गोष्ट मुळीच अपरिचित नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तेथील छात्रालय सांभाळताना मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले, त्यांच्या आजारपणात शुश्रूषा केली, आणि घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना घरची उणीव भासू दिली नाही. नालंदातील भित्तिपत्रक आणि अमळनेरचे हस्तलिखित यांच्यामध्ये कित्येक दशकांचे अंतर असले तरी दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, ते हे की, आपण येथे कोणाला तरी हवे आहोत, आपली येथे दखल घेतली जाते, ही जाणीव वाढत्या वयाच्या मनाला अन्नाइतकीच आवश्यक असते.

मनाकडे लक्ष वेधताना शरीराकडे दुर्लक्ष होऊ नये, हे सांगणे वैद्य या नात्याने माझे कर्तव्य आहे. जे मूल आळशी, चिडखोर किंवा मंद ठरविले जाते, ते पुष्कळदा अपुऱ्या झोपेचे, रक्तक्षयाचे किंवा अधू दृष्टीचे बळी असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. परंतु या वयात शरीरातील झोपेचे घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकते, त्यामुळे त्यांना रात्री लवकर झोप येत नाही, आणि सकाळच्या सत्राच्या शाळेसाठी मात्र साडेपाचला उठावे लागते. त्यातच शाळेपूर्वी किंवा शाळेनंतर शिकवणीचे वर्ग आणि निजतानाही हातात मोबाईल असला म्हणजे झोपेचे देणे दिवसेंदिवस वाढत जाते. रात्री दहानंतर घरातील सर्वांचेच, वडीलधाऱ्यांचेसुद्धा, मोबाईल एका ठरावीक जागी ठेवण्याचा शिरस्ता घालावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी जेवणानंतर नियमाने घ्यावी, वर्षातून दोनदा मिळणारी जंतांची गोळी चुकवू नये, जेवणाच्या जोडीने चहा घेण्याचे टाळावे आणि उसळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळावे. लिंबामुळे लोह शरीरात अधिक शोषले जाते आणि चहामुळे ते कमी शोषले जाते. फळ्यावरचे दिसत नाही असे सांगण्याचा संकोच वाटून मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, म्हणून वर्षातून एकदा नेत्रतपासणी करून घ्यावी. खेळाचा तास गणितासाठी किंवा विज्ञानासाठी घेऊन टाकण्याची रीत तर तात्काळ बंद व्हावी, कारण या वयात दररोज सरासरी साठ मिनिटांचा व्यायाम शरीराला आणि मनाला सारखाच उपकारक ठरतो.

शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती अशी की, त्यांनी हजेरीपटाकडे आरोग्याची नोंदवही म्हणूनही पाहावे. ठरावीक वारी किंवा ठरावीक तासाला गैरहजर राहणारा विद्यार्थी, पूर्वी मित्रांत मिसळणारा पण आता मधल्या सुट्टीत एकटाच बसणारा, अक्षर आणि गुण एकाएकी बिघडलेला, विनाकारण रडणारा वा भांडणारा, उकाड्यातही लांब बाह्यांनी मनगटे झाकणारा, अशा विद्यार्थ्याला सर्वांसमक्ष जाब विचारण्याऐवजी बाजूला घेऊन, ‘बाळ, अलीकडे तुला कशाचा त्रास होतो आहे का?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. उत्तर त्याच दिवशी मिळेलच असे नाही, परंतु कोणीतरी विचारले ही गोष्ट मूल विसरत नाही. छडी, कान पिरगाळणे, वर्गाबाहेर उभे करणे, जातीवरून, रंगावरून किंवा फी थकल्यावरून चारचौघांत बोलणे यांनी शिस्त लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही मनाई केलेली आहे, आणि तो कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असला तरी नववी-दहावीच्या मुलांना अपमान कमी झोंबतो असे नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मुलाकडून मिळाली, तर ती २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूची सबब तेथे चालत नाही.

पालकांनी घरी दिवसातून एक वेळचे जेवण तरी मुलांसोबत घ्यावे आणि त्या वेळी गुणांचा विषय कटाक्षाने टाळावा. शेजारच्या किंवा नात्यातील मुलाशी केलेली तुलना प्रेरणा देते हा समज सोडून द्यावा. दहावीचा निकाल हा मुलाच्या संबंध आयुष्याचा निवाडा आहे अशा स्वरात घरात बोलणे होऊ नये. आपल्या राज्यात २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर थोड्याच अवधीत पुरवणी परीक्षा घेतली जाते, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची पूर्वीची धास्ती आता उरलेली नाही. ही माहिती निकालाच्या दिवशी सांत्वन म्हणून सांगण्याऐवजी वर्षाच्या आरंभीच मुलाला द्यावी.

एका बाबतीत मात्र क्षणाचाही विलंब करू नये. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे लिहिणे, स्वतःला इजा करून घेणे, यांपैकी काहीही दिसले तर आत्महत्येचा विचार मनात येतो काय, हे मुलाला सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने मुलाचा भार हलका होतो आणि मदतीचा मार्ग खुला होतो. त्या काळात मुलाला एकटे ठेवू नये. घरातील औषधे आणि शेतकरी कुटुंबात फवारणीची कीटकनाशके कुलूपबंद ठेवावीत. आणि विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा शासकीय रुग्णालयात जावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. मुलांवरील कोणत्याही संकटात १०९८ हा क्रमांक आहे. मनोविकारावरील उपचारांची नोंद गोपनीय राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा लोक काय म्हणतील या भयाने कोणी उपचार लांबणीवर टाकू नयेत. आणि ज्या मुलाची पोटदुखी शाळेच्या दिवसांशी निगडित आहे, त्याला तपासून घेतल्यानंतर घरी बसवून न ठेवता, त्रासाचे कारण शाळेशी बोलून दूर करीत हळूहळू पुन्हा वर्गात रुजू करावे, कारण गैरहजेरी जसजशी लांबते तसतशी शाळेची भीतीही वाढत जाते.

वाचकहो, पुढच्या पालक-शिक्षक सभेला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी विचारण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा : माझ्या मुलाला काही सांगावेसे वाटले तर या शाळेत त्याचे ऐकणारे माणूस कोण आहे? नाव सांगता आले तर त्या माणसाला आवश्यक तो वेळ आणि पाठिंबा मिळेल असे पाहा. आणि नाव सांगता आले नाही, तर असा माणूस नेमला जाईपर्यंत तो प्रश्न प्रत्येक सभेत विचारीत राहा.