किरणोपचारोत्तर स्तनशोथ : चिकित्सेपूर्वीचा विचार

स्तनार्बुदासाठी स्तन राखून केलेले शस्त्रकर्म आणि त्यानंतरचे किरणोपचार पूर्ण झालेली रुग्णा सुजलेला स्तन घेऊन आपल्याकडे येते, तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न असतो : रोग परत आला काय? त्याचे उत्तर देण्याची घाई वैद्याने करू नये.

चरकसंहितेच्या त्रिशोथीय अध्यायात शोथाचे निज व आगंतु असे भेद सांगितले आहेत. प्रस्तुत शोथ आम्ही आगंतु मानतो. काखेतील लसिकाग्रंथी काढल्याने व किरणांनी सूक्ष्म लसिकावाहिन्यांना इजा झाल्याने स्रोतोरोध होतो. स्तन जड होतो, त्वचा जाड होऊन रोमकूप ठळक दिसतात, दाबल्यास खळगा पडतो. बहुधा ही सूज किरणोपचारानंतरच्या काही महिन्यांत वाढते आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत ओसरते.

शोथ म्हटला की पुनर्नवा-गोक्षुर लिहिणे ही आपल्या लेखणीची सवयच आहे! परंतु येथे साठलेली लसिका प्रथिनयुक्त असते. मूत्रल औषधाने जलांश कमी झाला तरी प्रथिने तेथेच राहतात. म्हणून सर्वांगशोथातील यशाची अपेक्षा येथे करू नये.

लेपाविषयी अधिक सांगणे भाग आहे. एका रुग्णेने औषधी दुकानातून सुजेसाठी म्हणून मिळालेला लेप गरम करून चार दिवस लावला. आमच्याकडे आली तेव्हा त्वचा सोलून व्रण झाला होता. तो भरण्यास दोन महिने लागले. किरणदग्ध त्वचा वरून बरी दिसली तरी नाजूक असते व तिचे रोपण मंद होते. तिच्यावर उष्ण लेप, स्वेद, जोरकस मर्दन नको. त्या बाजूच्या स्तनावर वा हातावर जलौका, सिरावेध किंवा अग्निकर्म तर कदापि करू नये. योग्य मापाचा आधार देणारा अंतर्वस्त्राचा पट्टा, त्वचेची निगा, हाताचे व्यायाम आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून अत्यंत हलक्या हाताने लसिकानिःसारण, एवढ्याने पुष्कळ रुग्णांना उतार पडतो.

ज्वर, उष्ण लाली व वेदना असल्यास संसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. लाली झपाट्याने पसरणे, नवीन गाठ, चूचुक आत ओढले जाणे ही लक्षणे अर्बुदाची असू शकतात. संत्र्याच्या सालीसारखी त्वचा साध्या लसिकाशोथातही दिसते आणि दाहयुक्त अर्बुदातही. केवळ दर्शन-स्पर्शनाने हा भेद निश्चित होत नाही, त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. उपचारानंतर काही वर्षांनी, मार न लागता, जांभळट डाग उठल्यास अँजिओसार्कोमा या दुर्मिळ अर्बुदाची शंका घ्यावी.

औषधी विक्रेत्यांना विनंती, की टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे घेणाऱ्या स्त्रीस शतावरी वा ज्येष्ठमधाचे कल्प स्वतःहून देऊ नयेत. आणि वैद्यांनी अशी रुग्णा शल्यचिकित्सकाकडे परत पाठविताना आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा चिठ्ठीत लिहावी.