अंतराळवीर व्हायचे आहे?

राकेश शर्मा हे अंतराळात जाणारे पहिले भारतीय. ३ एप्रिल १९८४ रोजी ते रशियन यानातून गेले. वरून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांना विचारले. त्यांनी कवी इक्बाल यांच्या ‘तराना-ए-हिंदी’ या गीतातील शब्दांत उत्तर दिले. हे गीत तुम्हांला पाठ असेलच. पुढे २०२५ साली शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले. आपणही असे जावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. त्यासाठी काय लागते, ते पाहू या.

पहिली गोष्ट शिक्षण. अमेरिकेतील ‘नासा’ ही संस्था विज्ञान, गणित किंवा अभियांत्रिकी या विषयांतील उच्च पदवी मागते. डॉक्टरही अर्ज करू शकतात. मात्र अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. हरियाणातील कर्नालची कल्पना चावला चंदीगडला विमानविद्या शिकली, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि १९९७ साली अंतराळात गेली.

दुसरी गोष्ट अनुभव. नुसती पदवी पुरत नाही. काही वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. भारताच्या ‘गगनयान’ मोहिमेसाठी प्रथम निवडलेले चारही जण हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. नवे विमान उडवून त्याचे गुणदोष तपासणे हे चाचणी वैमानिकाचे काम. हवाई दलात जाण्याचा एक मार्ग आपल्या पुण्याजवळच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून शुभांशू शुक्ला हवाई दलात गेले. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय हवेत. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो.

तिसरी गोष्ट निरोगी शरीर. डोळे, कान, हृदय, रक्तदाब यांची कसून तपासणी होते. पोहताही यावे लागते. तुम्ही म्हणाल, अंतराळात पाणी कुठे आहे? पण यानाबाहेर काम करण्याचा सराव मोठ्या तलावात पाण्याखाली करतात. शिवाय परतताना काही याने समुद्रात उतरतात. शुभांशू शुक्ला यांचे यानही १५ जुलै २०२५ रोजी प्रशांत महासागरात उतरले.

चौथी गोष्ट स्वभाव. लहानशा जागेत, घरापासून दूर, इतरांशी जुळवून राहावे लागते. संकट आले तर हातपाय गाळून चालत नाही. सोबती परदेशी असतात, म्हणून नवी भाषाही शिकावी लागते. राकेश शर्मा रशियन भाषा शिकले. तुम्ही उर्दू शाळेत शिकता आणि मराठीही शिकता. ही सवय पुढे कामास येईल.

या कामात धोकाही आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतताना कोसळले. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मरण पावले.

निवडही सोपी नाही. २०२१ साली नासाने बारा हजारांहून अधिक अर्जदारांतून फक्त १० जण निवडले. मग इतरांचे शिक्षण वाया गेले का? मुळीच नाही. डॉ. अब्दुल कलाम यांना वैमानिक व्हायचे होते. देहरादूनला जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. ते निराश झाले, पण थांबले नाहीत. १९८० साली त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह अंतराळात नेला.

म्हणून आवडीचा विषय निवडा आणि तो मनापासून शिका. अंतराळात जायला मिळाले तर आनंदच. नाही मिळाले, तरी ती विद्या तुमचीच राहील.

शब्दार्थ
अंतराळ – खला
अनुभव – तजुर्बा
निवड – इंतिखाब
धोका – खतरा (उर्दूतील ‘धोका’ म्हणजे फसवणूक, मराठीत अर्थ वेगळा)
हातपाय गाळणे – हिंमत हारणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चाचणी वैमानिक कोणते काम करतो?
(आ) राकेश शर्मा कोणती भाषा शिकले?
२. अंतराळवीराला पोहता का यावे लागते?
३. डॉ. कलाम यांच्या उदाहरणावरून तुम्ही काय शिकलात? पाच ओळी लिहा.
४. ‘हातपाय गाळणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.