चित्रातील मोटार आणि दारातील मोटार

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावी, पालैवननाथर मंदिरात, नायक राजांच्या काळातील विटांचे एक धान्यकोठार आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या कोठाराची उंची सुमारे 36 फूट व परीघ सुमारे 86 फूट असून त्यात तीन हजार कलम भात मावत असे. कलम हे तमिळ प्रदेशातील धान्याचे जुने माप होय. कोठार वाटोळे का, याचे उत्तर भातातच सापडते. साठविलेल्या दाण्यांचा दाब चहूंकडे सारखा पडतो आणि वाटोळी भिंत तो सारखाच पेलते. आत काय ठेवावयाचे, यावरून बाहेरचा आकार ठरला. भात साठविणाऱ्याला कोठाराचे चित्र आधी दाखवून भुलविण्याचे कोणालाही कारण नव्हते.

मोटारीच्या बाबतीत क्रम उलटा असतो. गिऱ्हाइकाला प्रथम चित्र दिसते, नंतर वस्तू मिळते, आणि मधल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या मनात एक तिसरीच मोटार तयार झालेली असते. विजेवर चालणाऱ्या ऐषारामी एसयूव्हीच्या बाबतीत हे अंतर विशेष जाणवते. कारण तिच्यात दर्शनी आकाराइतकाच अधिकार तळाशी असलेल्या बॅटरीचा असतो, आणि बॅटरी चित्रात दिसत नाही.

याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. 15 ऑगस्ट 2022 रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील बॅनबरी येथे महिंद्र कंपनीने विजेवर चालणाऱ्या पाच एसयूव्हींचे नमुने जगासमोर मांडले. त्यांपैकी 'बीई.05' हा नमुना तीक्ष्ण कडांचा व मागे उतरत्या छपराचा होता आणि सर्वाधिक चर्चा त्याचीच झाली. ही मोटार ऑक्टोबर 2025 मध्ये येईल असे तेव्हा सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात 26 नोव्हेंबर 2024 रोजी चेन्नई येथे तिचे अंतिम रूप प्रकट झाले आणि मार्च 2025 पासून पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून ती गिऱ्हाइकांकडे जाऊ लागली. सांगितलेल्या मुदतीच्या आधी मोटार यावी, हा या धंद्यातील अपवादच म्हटला पाहिजे. नाव मात्र टिकले नाही. 'बीई 6ई' या नावातील '6ई' ला इंडिगो या विमान कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात हरकत घेतली आणि डिसेंबर 2024 मध्येच ते 'बीई 6' असे करण्यात आले.

आता नमुना आणि वस्तू शेजारी ठेवून पाहू. नमुन्याची लांबी 4,370 मिलिमीटर सांगितली होती; विक्रीस आलेल्या मोटारीची लांबी 4,371 आहे. पुढील व मागील आसांतील अंतर दोन्हींत 2,775. रुंदी 1,900 वरून 1,907 झाली आणि उंची 1,635 वरून 1,627 वर आली. इतकी जुळणी सहसा आढळत नाही. प्रदर्शनातील नमुन्याला पावसात भिजायचे नसते, त्याचा दरवाजा हजारो वेळा उघडायचा नसतो, त्याचे पत्रे साच्यातून एकामागून एक काढायचे नसतात. त्यामुळे कारखान्याच्या वाटेवर नमुने बहुधा फुगतात, बोथट होतात. येथे तसे फारसे झाले नाही, आणि याचे श्रेय कंपनीच्या अभिकल्पकारांना द्यावयास हवे.

मग अपेक्षाभंग कोठे झाला? तो बहुतांशी आत, मागील आसनावर झाला. या गोष्टीचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

विजेच्या मोटारीत बॅटरी ही दोन आसांच्या मध्ये, जमिनीखाली, एखाद्या जाड फळीसारखी पसरलेली असते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो व मोटार वळणावर स्थिर राहते. परंतु त्या फळीच्या जाडीइतकी बसणाऱ्याच्या पायांखालची जमीन वर चढते. आसनही तितकेच वर उचलावे, तर डोके छपराला लागते. छप्पर उचलावे, तर मोटारीचा वाऱ्याला आडवा येणारा भाग वाढतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हमरस्त्यावर बॅटरी लवकर संपते. म्हणजे पल्ला राखण्यासाठी छप्पर खाली ठेवावे लागते, बॅटरीसाठी जमीन वर घ्यावी लागते, आणि या दोहोंच्या मध्ये प्रवासी सापडतो. त्याचे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार कमी मिळतो. त्यातच छप्पर मागे उतरते असले की खिडक्या आखूड होतात आणि मागे बसणाऱ्याला कोंदट वाटते. बीई 6 चा पुढील भाग लढाऊ विमानाच्या चालककक्षासारखा रचलेला असून चालकाला तो मोठा सुखाचा वाटतो. मागील बाकाविषयी मात्र परीक्षकांनी प्रारंभापासून कुरकुर केली. प्रदर्शनातील मोटारीचे छायाचित्र मागील आसनावरून कधीच घेतलेले नसते, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही.

दुसरी अपेक्षा चार चाकांना मिळणाऱ्या शक्तीची होती. 2022 मध्ये या नव्या सांगाड्यावर मागील चाकांच्या व चारही चाकांच्या, अशा दोन्ही प्रकारच्या चालनाची सोय सांगितली होती. विक्रीस आलेल्या बीई 6 ला केवळ मागील चाकांचे चालन मिळाले. किमतीचाही असाच प्रकार. 18.90 लाख रुपये हा आरंभीचा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. घरी बसवावयाचा चार्जर त्यात धरलेला नाही, ही पुढची ओळ तितकीशी राहिली नाही.

पल्ल्याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. 79 युनिटांच्या मोठ्या बॅटरीचा प्रमाणित पल्ला 682 किलोमीटर दिला जातो. चेन्नईत नोकरी करणारा एखादा गृहस्थ सुमारे 300 किलोमीटरवरील पापनाशमला आपल्या वडिलोपार्जित घरी निघाला, तर त्याच्या मनात सहज येते की जाऊन-येऊन 600 किलोमीटर एका भरणीत होतील. परंतु हमरस्त्याच्या वेगाला, वातानुकूलन चालू ठेवून, दर 100 किलोमीटरला 17 युनिटे लागतात असे धरले, तर 79 युनिटांत सुमारे 465 किलोमीटरच होतात. जाणे निर्विघ्न होईल. परतण्यापूर्वी मात्र भरणी करावी लागेल. खर्ची पडलेली 51 युनिटे घरातील साध्या, तीन किलोवॅटच्या जोडणीवरून भरावयाची तर 17 तास हवेत, आणि तेही वीजपुरवठा खंडित झाला नाही तर. गावी दोन दिवस मुक्काम असेल तर यात अडचण काहीच नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने मात्र वाटेतील जलद भरणीचे केंद्र आधीच हेरून ठेवले पाहिजे.

14 फेब्रुवारी 2025 रोजी नोंदणी खुली झाली तेव्हा पहिल्याच दिवशी बीई 6 व तिची मोठी बहीण 'एक्सईव्ही 9ई' मिळून 30,179 मोटारींची मागणी नोंदविली गेली. त्यांत 56 टक्के मागणी 9ई ची होती. ती किमतीने अधिक, पण लांबीने 4,789 मिलिमीटर आणि आतून ऐसपैस. चर्चा एका मोटारीची झाली आणि पैसे दुसरीसाठी थोडे अधिक पडले, यात मला घरातील माणसांचे मत दिसते. मोटारीचे चित्र एकटा माणूस पाहतो. नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी मात्र सगळे कुटुंब तिच्यात बसून पाहते.

अपेक्षा केवळ नमुन्यातूनच जन्मते असे नाही. ती आठवणीतूनही येते. टाटांची 1991 ची 'सिएरा' तीन दरवाजांची होती आणि तिच्या मागील बाजूची वक्र, न उघडणारी काच अनेकांच्या स्मरणात होती. 2020 च्या वाहन प्रदर्शनात त्याच नावाचा विजेवरील नमुना आला तेव्हा ती काचही परत आली, आणि लोक हरखले. नोव्हेंबर 2025 मध्ये विक्रीस आलेल्या सिएराला पाच दरवाजे आहेत, आणि जुन्या काचेची आठवण काळ्या पट्ट्यांनी करून दिली आहे. जुन्या चाहत्यांना चुटपुट लागली. परंतु मागच्या माणसाला पुढचे आसन वाकवून आत शिरावयास लावणारी मोटार आज किती घरे घेतील?

महिंद्रंच्या पाच नमुन्यांतील 'एक्सयूव्ही.ई8' हा तीन ओळींचा, सरळ छपराचा नमुना खरे तर सर्वांत आधी, डिसेंबर 2024 मध्ये, यावयाचा होता. तो मागे पडला आणि उतरत्या छपराच्या दोन मोटारी पुढे काढण्यात आल्या. सात माणसांची मोटार 'एक्सईव्ही 9एस' या नावाने 27 नोव्हेंबर 2025 रोजी बंगळूर येथे आली. पोंगलला आजी-आजोबांसह पापनाशमला जाणाऱ्या कुटुंबाला तीच अधिक सोयीची पडेल. तिची तिसरी ओळ मागील आसावर व तेथेच बसविलेल्या मोटरवर येते. तेव्हा आजींना मधल्या ओळीत बसवावे आणि मागे नातवंडांना पाठवावे.