प्रेक्षक की साक्षी?

शास्त्रपाठ : इब्री १२:१-३, प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१, निर्गम २०:१६
(शब्बाथशाळेचा मोठा वर्ग व पालक यांच्यासाठी)

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या तुकोगंजात आणि आसपासच्या शाळांतून सामन्यांचा हंगाम सुरू होतो. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, क्रिकेट. मुले घाम गाळतात आणि आपण आईबाप, काका-मामा रेषेबाहेर उभे राहतो. त्या रेषेबाहेरच्या माणसांविषयी हा पाठ आहे. खेळाडूने कसे वागावे हे पीटीचे सर शिकवतात. बघणाऱ्याला मात्र कोणी शिकवीत नाही, आणि मैदानावरची निम्मी भांडणे तेथूनच सुरू होतात.

प्रेषित पौलाने करिंथकरांना शर्यतीचा दाखला दिला (१ करिंथ ९:२४-२७). करिंथाजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, त्यामुळे वाचकांना तो लगेच पटला असेल. इब्री पत्राचा लेखक एक पाऊल पुढे जातो. धावणाऱ्याच्या सभोवती जो मोठा समुदाय आहे, त्याच्याकडे तो बोट दाखवतो. त्या समुदायाला तो प्रेक्षक म्हणत नाही, साक्षी म्हणतो. हे साक्षी कोण, ते अकराव्या अध्यायात आलेच आहे : हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, राहाब. स्वतः धावलेली, धापा टाकलेली ही माणसे. ज्याला धावणे किती कठीण आहे हे ठाऊक आहे, तो धावणाऱ्याला शिव्या देत नाही.

याच्या उलट चित्र पाहायचे तर इफिसच्या नाट्यगृहात जावे. तेथेही मोठा समुदाय जमला होता. लोक सुमारे दोन तास एकच घोषणा देत राहिले. लूक लिहितो की त्यांतील बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेही ठाऊक नव्हते. गर्दीचे हे वर्णन आजही किती तंतोतंत लागू पडते! १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. श्रीलंकेपुढे भारताचे गडी भराभर बाद झाले, तशा बाटल्या मैदानात येऊ लागल्या, आसने पेटली. खेळ थांबवून सामना श्रीलंकेला देण्यात आला. एका माणसाने एकट्याने असे केले नसते. गर्दीत शिरलो की आपली जीभ आपली राहत नाही, हा खरा धोका आहे. शाळेच्या मैदानावर गर्दी लहान असते, एवढाच फरक.

आता नववी आज्ञा. ती न्यायालयापुरती आहे असे आपण समजतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या बोटांचा ओझरता स्पर्श झाला की नाही, हे पुष्कळदा पंचापेक्षा रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला जास्त स्पष्ट दिसते. त्याने पाहिलेले असते. तरीही तो ओरडतो, “लागलाच नाही!” ही साक्षच आहे, आणि ती खोटी आहे. शेजारी तीच मुले उभी असतात, ज्यांना आपण रविवारी दहा आज्ञा पाठ करायला लावतो. पंचमुखी परमेश्वर म्हणायचे आणि निर्णय आपल्याविरुद्ध गेला की त्याच पंचाच्या आईबापांचा उद्धार करायचा, हे आपण सहज करतो. शाळेच्या सामन्यात पंच म्हणजे बहुधा एखादे शिक्षकच, दिवसभर उन्हात उभे राहिलेले.

खरी साक्ष देणे अवघड का जाते? आपली बाजू आधी ठरलेली असते म्हणून. येथे इंदूरच्या मुलांना एक कोडे घालावे. मार्च १९४७ मध्ये बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस कर्नल सी. के. नायडूंचा आपला होळकर संघ, दुसऱ्या बाजूस बडोदा. बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. हजारे हे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, शिक्षकाचे पुत्र. मग इंदूरच्या ख्रिस्ती मुलाने टाळी कोणासाठी वाजवावी? गावासाठी की आपल्या माणसासाठी? वर्गात दोन तट पडू द्यावेत. नंतर विचारावे : गुल महंमद आपल्या गावचा नव्हता, आपल्या धर्माचाही नव्हता, त्याच्या ३१९ धावांसाठी कोणीच टाळी वाजवू नये काय?

बाजू पाहून टाळी वाजवण्याची सवय जुनी आहे. त्या काळी मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ असे धर्मावर आणि जातीवर आधारलेले संघ खेळत. ख्रिस्ती खेळाडू ‘रेस्ट’ संघात असत. १९४३ साली याच हजाऱ्यांनी हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या आणि तरी संघ डावाने हरला. अशा सामन्यांनी समाजात फूट वाढते अशी टीका होत गेली आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद पडली. संघ गेले, सवय पूर्ण गेली असे म्हणवत नाही.

पण दुसरी सवयही लागू शकते. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताला अवघ्या १२ धावांनी हरवले. सचिन तेंडुलकरचे शतक वाया गेले. लोक क्षणभर सुन्न झाले, मग उभे राहिले आणि जिंकलेल्या संघासाठी टाळ्या वाजवू लागले. त्या संघाने मैदानाला फेरी मारली. ते हजारो लोक त्या दिवशी साक्षी झाले होते.

पालकांसाठी एक सूचना, जरा कडक वाटली तरी. सामन्याला जरूर जावे, पण रेषेबाहेरून मुलाला शिकवू नये. गणिताच्या परीक्षेला आपण वर्गाच्या खिडकीतून ओरडतो का? आणि घरी आल्यावर मुलाला विचारावे, “समोरच्या शाळेचा कोण चांगला खेळला?” शिक्षकांनीही हाच गृहपाठ द्यावा : प्रत्येकाने पुढच्या रविवारी विरुद्ध संघातील एका खेळाडूबद्दल पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी. पहिल्या आठवड्यात कोणी काही सांगणार नाही. तिसऱ्या आठवड्यात सांगतील.

शेवटी वर्गात हा प्रसंग सांगावा. फेब्रुवारी १९८०, मुंबईचे वानखेडे मैदान, भारत विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचे ५८ धावांत ५ गडी बाद झालेले. पंचाने बॉब टेलरला झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नाही असे भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला वाटले. त्याने पंचाला विनंती करून टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. एखादा मुलगा लगेच म्हणेल, “मग काय उपयोग झाला?” त्याला उत्तर देण्याची घाई करू नये. त्याच मुलाकडून स्तोत्र १५ मोठ्याने वाचून घ्यावे, चौथे वचन दोनदा, आणि मग वर्गाला बोलू द्यावे.