मेंढ्या घेण्याआधी

चि. रेवतीस,


फलटणजवळच्या दोन एकरांत दहा-बारा मेंढ्या पाळायच्या, त्यांचीच लोकर कातायची आणि हाताने विणलेले स्वेटर पुण्यात विकायचे, हा तुझा बेत तुझ्या आईने फोनवर सांगितला. बेत चांगला आहे, पण हा एक धंदा नसून दोन आहेत. दोन्ही कर, मात्र त्यांची एकमेकांशी गाठ मारू नकोस.

सातारा, सांगली, सोलापूर, नगर या कोरडवाहू पट्ट्यातली मेंढी म्हणजे दख्खनी. तिची लोकर बहुतेक काळी, भरड, मधूनमधून केस मिसळलेली. मेरिनोचा तंतू 20 मायक्रॉनच्या आसपास असतो, तर दख्खनीचा त्याहून कितीतरी जाड. असला स्वेटर गळ्याला टोचणारच, कितीही सफाईने विणला तरी. शिवाय हिशेब बघ. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीची लोकर निघते अर्धा किलोच्या आसपास, आणि धुतल्यावर त्यातली माती-तेल जाऊन ती आणखी घटते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो सूत सहज लागतं. म्हणजे एका मेंढीच्या वर्षभराच्या लोकरीत धड एक स्वेटरही होत नाही!

या लोकरीची खरी जागा घोंगडीत आणि जेनात आहे. सनगर मंडळी ताण्याला चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणतात. तिचा भरडपणाच पावसात धनगराच्या कामी येतो. जेन तर विणावंच लागत नाही. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळून रेटत-तुडवत राहायचं. तंतू एकमेकांत अडकून जाड थर तयार होतो. बसकर, पिशवी, चपलेचा तळ असल्या वस्तू त्यातून निघतील, आणि घरच्या ओसरीवर तुला हे जमेल. त्यासाठी मेंढी विकत घ्यायचीही गरज नाही. आज अनेक कळपवाल्यांना लोकरीच्या विक्रीतून कातरण्याची मजुरीही सुटत नाही, त्यामुळे कातरलेली लोकर टाकून दिली जाते. कातरणीच्या वेळी पोतं घेऊन जा आणि योग्य पैसे देऊन ती आण. ठेवताना नीट वाळवून ठेव, नाहीतर कसर लागेल.

मग मेंढी पाळायची कशासाठी? कोकरांसाठी आणि लेंडीखतासाठी. तुझ्या फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे ओळखलं होतं. त्यांनी लोकर मऊ करण्यापेक्षा जुळी कोकरं मिळवण्यावर भर दिला. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ जातीच्या छोट्या मेंढीत जुळं देणारं जनुक आहे. ते दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. साध्या दख्खनीला बहुधा एकच कोकरू होतं, हे लक्षात घेतलंस की त्यातला फायदा कळेल. पण जुळ्यांना दूध पुरलं पाहिजे, म्हणजे आईच्या खुराकाची जबाबदारी तुझी. आणि एक गोष्ट मनाशी आत्ताच ठरव: नर कोकरं शेवटी खाटकाकडेच जातात. ते सोसणार नसेल तर शेतात कोंबड्या पाळ आणि अंडी विक.

मेंढी घेताना अंगावरच्या लोकरीला भुलू नकोस. तोंड उघडून दात बघ. दोन-चार दाती मादी घे, दात झिजलेली नको. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघ. आतला भाग लाल असेल तर ठीक, पांढरट पडला असेल तर पोटात जंतांनी रक्त शोषलेलं असण्याची शक्यता मोठी. जबड्याखाली मऊ सूज असेल तर जनावर तिथेच सोडून दे. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचायची, पीपीआरची लस वेगळी. ही दोन्ही नावं पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सांग, तिथे वेळापत्रक मिळेल. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नकोस. त्यातलं तांबं तिच्या यकृतात साठतं आणि ती दगावू शकते. कोवळ्या ज्वारीत कळप शिरू देऊ नकोस, किरळ लागून, म्हणजे विषबाधा होऊन, काही मिनिटांत जनावरं आडवी होतात. आणि रोजचं चरणं? सहा-सात तास कोणीतरी मागे हवं. लग्नकार्याला दोन दिवस गावाला जायचं तर कळप कोण राखणार, याचं उत्तर मेंढ्या आणण्याआधी तयार ठेव.

विणकामासाठी मऊ लोकरीचं सूत बाजारातून घे, त्यात कमीपणा नाही. नव्या सुताचा चार इंचांचा चौकोन आधी विण, धू, वाळव आणि मग माप घे. गरम पाण्यात चोळलेली लोकर आटते, हे गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून दे. टोप्या-मोज्यांपासून सुरुवात कर, कारण स्वेटरचे तास मोजलेस तर त्याची खरी किंमत सांगताना तुलाच संकोच वाटेल. पुण्याचा हिवाळाही फार लांबत नाही, तेव्हा माल दिवाळीपर्यंत तयार हवा.

यंदा फक्त विण आणि विक. मेंढ्यांचं पुढच्या वर्षी बघू, तेही चार माद्यांपासून. लोणंदच्या बाजाराला जाशील तेव्हा गावातला जाणता धनगर सोबत ने, त्याची दिवसभराची मजुरी आधीच दे, आणि त्याने नको म्हटलेलं जनावर घेऊ नकोस.

तुझी,
आत्या