मदरबोर्डची बसवणी : संगणक-दुरुस्तीतील एक उपयुक्त धडा

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आजही लॅमिंग्टन रोड या जुन्या नावानेच अधिक परिचित आहे. गिरगावास लागून असलेल्या या रस्त्यावर संगणकाचे सुटे भाग मिळतात. याच महानगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा होता. आज ते सारे कार्य हातभर फलकावर सामावते. हा फलक म्हणजेच मदरबोर्ड होय.

शाळा वा ग्रामपंचायतीतील संगणक बंद पडला की तो निर्लेखित करण्याकडे कल असतो. वास्तविक दोष केवळ मदरबोर्डमध्ये असल्यास तेवढाच बदलता येतो आणि डिस्कवरील दप्तर बहुधा सुरक्षित राहते. तथापि, काही संगणकांतील डिस्क सांकेतिक कुलपाने बंद असते. अशा वेळी बोर्ड बदलताच तिची किल्ली मागितली जाते. म्हणून दप्तराची प्रत व ती किल्ली आधीच जपून ठेवावी.

पूर्वतयारी

१९९५ मध्ये प्रचारात आलेल्या ‘एटीएक्स’ मानकानुसार बोर्डाचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर असते. मायक्रो एटीएक्सचे २४४ × २४४. कॅबिनेट, प्रोसेसर व रॅम यांच्याशी बोर्ड जुळतो याची खात्री खरेदीपूर्वीच करावी.

प्रथम वीजपुरवठ्याची वायर काढून सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. शरीरावरील स्थिरविद्युत मनुष्यास जाणवत नाही, परंतु नाजूक चिप निकामी करू शकते. मुंबईच्या दमट हवेत हा धोका कमी असला तरी वातानुकूलित खोलीत व कोरड्या हिवाळ्यात तो वाढतो. यास्तव कॅबिनेटच्या उघड्या धातूस वरचेवर स्पर्श करावा आणि बोर्ड कडेनेच धरावा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कदापि उघडू नये.

जोडणीचा क्रम

१. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून त्रिकोणी खूण जुळवीत प्रोसेसर बसवावा. येथे जोर लावू नये.

२. रॅम खाच जुळवून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावी. थर्मल पेस्टचा लहानसा ठिपका देऊन पंखा बसवावा.

३. कॅबिनेटमधील पितळी खुंट्या बोर्डाच्या छिद्रांखालीच असाव्यात. जादा खुंटी राहिल्यास ती बोर्डाच्या मागील बाजूस टेकून शॉर्ट सर्किट होते. अनेक नवे बोर्ड अशाच चुकीने वाया जातात.

४. मागील पत्र्याची चौकट बसवून बोर्ड ठेवावा. सर्व स्क्रू प्रथम सैल लावून नंतर समान आवळावेत.

५. २४ पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरची स्वतंत्र १२ व्होल्टची जोडणी द्यावी. दुसरी विसरल्यास पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही.

६. दर्शनी बटणांच्या बारीक वायरी माहितीपुस्तिकेतील आकृतीप्रमाणेच लावाव्यात.

झाकण लावण्यापूर्वी एकदा संगणक सुरू करून पाहावा. रॅम व डिस्क यांची नोंद पडद्यावर दिसल्यास जोडणी योग्य समजावी.

काढलेला बोर्ड कचऱ्यात टाकू नये. त्याच्या सांध्यांत शिसे असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावा. दुरुस्तीने सार्वजनिक पैसा वाचतो, आणि गावाचे दप्तरही सुरक्षित राहते.